चक्कर येणारी आत्या

“आत्याला कशाला न्यायचं? तिला चक्कर येते ना!”

पुतणी हे इतक्या सहजपणे बोलून गेली, की इस्त्री करणाऱ्या आत्याचा हात कॉलरवर क्षणभर थबकला... आणि मग मुकाट्याने पुन्हा चालू लागला. दिवसभर रुग्णालयाच्या धुलाईघरात ओल्या चादरींचे ढीग उपसून ती घरी आली होती, तरी इथेही कपड्यांचीच गाठ! पायांचे तर नुसते तुकडे पडत होते.

जेवणाच्या टेबलावरच्या फोनमधून सहल कंपनीतली बाई बोलत होती. दरवर्षी सुट्टीत हे कुटुंब एकाच थीम पार्कला जायचं. यंदा त्या पार्कवाल्यांच्याच जहाजावर, आयुष्यातल्या पहिल्यावहिल्या क्रूझवर जायचं घाटत होतं.

“मी सगळ्यांना सांगते, पार्कच्या सवयी पार्कातच ठेवून या,” बाई म्हणत होती. “उठल्याबरोबर धावत सुटायचं नाही, प्रत्येक खेळ बघितलाच पाहिजे असं नाही. पार्कात फिरणारा तो टोपीवाला ससा जहाजावरही आहे, पण तोच तुम्हाला शोधत येईल! एखाद्या बंदरावर नाही उतरलात तरी बिघडत नाही. तेव्हा जहाज रिकामं असतं, पोहायचा तलाव तुमचाच. आणि मुख्य म्हणजे सामान खोलीत. पिशव्या सांभाळत कुणी बसायला नको!”

शेवटचं वाक्य आत्याच्या काळजात रुतलं. पार्कात दरवर्षी आकाशपाळण्याजवळच्या बाकावर ती बसायची. मांडीवर सगळ्यांची जाकिटं, पायाशी पाण्याच्या बाटल्या, शेजारी कुणाचे तरी ओले मोजे... “आत्या आहे ना!” एवढं म्हणून सगळे हुंदडायला मोकळे! त्या तीन शब्दांवरच तर या घरात तिची जागा होती. आता पिशव्याच नाहीत म्हटल्यावर आत्या तरी कशाला?

आणि चक्कर? ती तर निखालस थाप होती! पुतणी तान्ही असतानाची ती पहिली सहल. बाळाला घेऊन कुणीतरी खाली थांबायला हवं होतं, आणि जागरणांनी डोळे खोल गेलेली वहिनी त्या आकाशपाळण्याकडे लहान मुलीसारखी टक लावून बघत होती. “तुम्ही दोघं जा, मला चक्कर येते,” आत्या बोलून गेली आणि कायमची अडकली. पुढे प्रवासात तिला खिडकीची जागा मिळू लागली, लिंबाच्या गोळ्या मिळू लागल्या. न झालेल्या आजाराची एवढी बडदास्त क्वचितच कुणी ठेवली असेल!

“ताई, तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय गं,” भाऊ म्हणाला. “भर समुद्रात त्रास झाला तर? त्यापेक्षा घरी निवांत आराम कर.”

“हो रे... घराकडे बघायलाही कुणीतरी हवंच की.” ती उसनं हसली.

“मोठी जहाजं फारशी हलत नाहीत हो,” फोनमधली बाई म्हणाली. “डॉक्टरांना विचारून गोळीही घेता येते. किती वर्षांचा त्रास आहे त्यांना?”

“त्रास नाहीच आहे त्यांना,” कपड्यांच्या घड्या घालणारी वहिनी एकदम म्हणाली. “कधीच नव्हता.”

भावाने “नंतर बोलतो” म्हणून घाईघाईने फोन बंद केला. “काय बोलतेस तू हे?”

“मला पहिल्याच वर्षी कळलं होतं!” वहिनीने हातातली घडी खाली ठेवली. “आकाशपाळण्यातून खाली बघितलं, तर वन्सं बाळाला कडेवर घेऊन गरागरा फिरत होत्या... खदखदून हसत होत्या! चक्कर येणारं माणूस असं फिरतं का? पण मी गप्प बसले. आधी एक दिवस मोकळा मिळाला म्हणून, आणि मग... मग अंगवळणीच पडलं. वन्सं, तुमच्या जिवावर मी वर्षानुवर्षं मजा मारली हो!”

आत्याच्या मनात संताप उसळला. ठाऊक होतं हिला, आणि तरी बाकावर बसवून ठेवलं! “एकदा तरी बोलायचंस गं,” ती कशीबशी म्हणाली.

“आणि तुम्ही? तुम्ही का नाही बोललात?”

“कशी बोलणार?” इतकी वर्षं ओठांआड दाबलेलं ते अखेर बाहेर पडलं. “पिशव्या धरायला कुणी लागलं नसतं, तर मला नेलं असतं का तुम्ही?”

भाऊ उठला, त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मोठ्या बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडू लागला. पुतणीने पुढे होऊन आत्याचा पदर घट्ट धरला.

“ताईशिवाय जहाज नाही,” डोळे पुसत भाऊ म्हणाला आणि त्याने फोन हातात घेतला.

“अरे, पण मी तिथे करू काय?” आत्या खरोखरच गोंधळली होती. “कपडे नाहीत, स्वयंपाक नाही, पिशव्यासुद्धा नाहीत...”

वाफेने सुरकुतलेले तिचे हात वहिनीने आपल्या हातांत घेतले. “काही नाही करायचं, वन्सं. काही म्हणजे काहीच नाही.”

आत्या खुर्चीत बसली. असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

“जमेल का गं मला?” तिने विचारलं, आणि इतक्या वर्षांचा शीण तिच्या डोळ्यांवाटे वाहू लागला.