सात नंबरचा फ्यूज

हसा, हसा. तिसगावात लोक म्हणतातच, कारभारी गाड्यांचं वायरिंग करतो आणि उरलेल्या वेळात थापा मारतो. पण मास्तरांच्या गाडीचं मी खरं सांगतोय.

एलिया मास्तरांनी निवृत्तीनंतर जुनी कॅरव्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, चाकांवरचं घरच म्हणा ना. मला बोलावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हन्नाबाईंना, म्हणजे बायकोला, घेऊन दहा दिवस फिरायला निघायचं होतं. बाईंचं इन्शुलिन फ्रीजमध्ये, आणि फ्रीजची बॅटरी रोज दुपारी चारला उतरायची.

"गाडी शिंगणापूरला लावा की," मी म्हणालो. "तिथं चोरी होत न्हाई."

"थट्टा नको, कारभारी. आज उतरली तर जाणं रद्द, आणि गाडी विकून टाकतो."

इंजिनची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. मी घरातलं सगळं बंद केलं, बॅटरीची अर्थची तार सोडली आणि मध्ये टेस्ट लॅम्प जोडला. सगळं बंद, तरी दिवा लागला! म्हणजे कुणीतरी करंट खात होतं. मग एकेक फ्यूज उपसत गेलो. पंखा, पंप, फ्रीज... दिवा तसाच. सातवा फ्यूज बिननावाचा. तो काढला आणि दिवा विझला.

त्याची तार मागच्या बाकामागे गेलेली. मी प्लायवूड उचकटलं. टोक मोकळंच लोंबत होतं, कुठं टेकलेलंही नव्हतं. आणि वास आला. ताज्या खोबरेलाचा.

"ही तर कशालाच जोडलेली न्हाई..."

हन्नाबाई दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "चारला उठते ना ती... उजेड लागतो तिला."

मास्तरांनी वळून पाहिलं. "कोण, हन्ना?"

"चहा टाकते," म्हणत बाई घरात गेल्या.

मी तार मुळापासून कापली आणि पिशवीत टाकली. तांबं टाकून यायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. चार वाजले, पाच वाजले, फ्रीज गार. मास्तर खूश. सकाळी दोघं निघाले.

तार माझ्या दुकानात खिळ्याला टांगली, टेस्ट लॅम्पच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी चारला लॅम्प मंद पेटला. तारेची आणि लॅम्पचीही टोकं हवेत. तेवढ्यात बाईंचा फोन.

"इन्शुलिन छान गार राहतंय हो, कारभारी. एवढंच विचारायचं होतं... तिच्या केसांना तेल लावता ना?"

आता दुकानात खोबरेलाची बाटली ठेवलीय. बायको म्हणते, "टकलाला तेल कशाला वो?"

बाटली अर्ध्यावर आलीय. मी अजून झाकणही उघडलेलं नाही.