उजव्या आरशातला हात

कॅरॅव्हॅन मागे घेताना एकमेकांवर खेकसत नाही असं एकच जोडपं लिनेटने आयुष्यात पाहिलं होतं, आणि ते म्हणजे ती स्वतः आणि तिचा ट्रेव्हर. बाकीच्यांची तऱ्हा कॅरॅव्हॅनच्या कुठल्याही तळावर शनिवारी जाऊन बघावी. नवरा गाडीत, बायको मागे, आणि मधे गाडीला जोडलेलं ते चाकांवरचं घर. याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की घर निघालं उजवीकडे. मग तो ओरडणार, ती ओरडणार, आणि आजूबाजूला घडीच्या खुर्च्या टाकून, चहाचे मग धरून बसलेली मंडळी गालातल्या गालात हसणार. फुकटची करमणूक.

यांचं मात्र सगळं मुक्याने चालायचं. घराच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी, लाल दिव्याच्या रेषेत लिनेट उभी राहायची आणि हात हलवायची. ये, ये. जरा डावीकडे. आता सरळ. मूठ वर केली की थांब. वेल्समधल्या जुन्या तळावर लोक नव्या जोडप्यांना सांगायचे, जा, त्या दोघांना बघून शिका. लिनेटला याचा फार अभिमान होता. मूलबाळ झालं नाही, ट्रेव्हर बोलण्यात महाकंजूष, बायकोला वाढदिवसाला फूल आणावं हेसुद्धा त्याला कधी सुचलं नाही. पण तो आरशात बघून तिच्या बोटाबरहुकूम ते धूड इंचाइंचाने मागे आणायचा, तेव्हा तिला वाटायचं, याहून आणखी काय हवं असतं माणसाला. अठ्ठावीस वर्षांत एक ओरखडा नाही.

वेल्सचा तळ मालकाने बंगल्यांसाठी विकून टाकला म्हणून यंदा त्यांनी उत्तरेला सॉल्वेच्या खाडीवर अख्ख्या हंगामाची जागा घेतली. मार्चअखेरीला घर नेऊन ठेवायचं, ऑक्टोबरात काढायचं. समोर ओहोटीची करडी वाळू, पलीकडे स्कॉटलंडचे डोंगर, आणि वारा असा की बोलताना तोंडात शिरावा. जागा होती अगदी कडेची. खाली खडी, मागे आणि उजवीकडे काटेरी गॉर्सचं कुंपण, पिवळ्या फुलांनी भरलेलं. मागच्या कोपऱ्यात पांढरी लाकडी खुंटी ठोकलेली. घराचा कोपरा त्या खुंटीला लागून यायला हवा, हा तळाचा नियम.

पहिल्याच दिवशी, घर निम्मं मागे आलेलं असताना, वाऱ्याने लिनेटची लोकरी टोपी उडवली. तिने ट्रेव्हरला थांबण्यासाठी मूठ वर केली आणि ती टोपीमागे धावली. टोपी कुंपणात अडकली होती. काट्यांतून सोडवून ती वळली तर घर थांबलं नव्हतं. ते आपलं सावकाश मागे येत होतं, मधेच थोडं डावीकडे कललं, पुन्हा सरळ झालं, आणि कोपरा खुंटीपासून बोटभर अंतरावर आणून उभं राहिलं. ट्रेव्हरने खिडकीतून अंगठा दाखवला.

त्याने उतरून, काम झोकात झालं, असं म्हटल्यावर लिनेट चिडलीच. ती म्हणाली, मी तुला थांब म्हटलं होतं. मागे कोणी आलं असतं म्हणजे? ट्रेव्हर तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, शेवटी केलीस की मूठ वर, तेव्हाच थांबलो. आणि तो खाली वाकून चाकांना ठोकळे लावायला लागला.

लिनेटने विषय सोडून दिला, कारण कामं पुढ्यात होती. पाणसळ ठेवून घर समतल करायचं, चारी कोपऱ्यांचे पाय खाली फिरवून टेकवायचे, वीज जोडायची, पाण्याचं पिंप नळावरून लोळवत आणायचं, आणि शेवटी दारापुढची कापडी पडवी उभारायची. त्या वाऱ्यात पडवी म्हणजे दोघांची परीक्षाच. शेजारच्या घरातली बेरिल मदतीला धावून आली. ही सत्तरीची, गोल चणीची, तोंडाची टकळी कधी बंद न होणारी बाई. इथे गेली कित्येक वर्षं हंगाम काढत होती. खुंट्या ठोकून झाल्यावर तिने बेकन घातलेले गरम पाव आणले, स्वतःचा धरून चार.

"आम्ही दोघंच आहोत," लिनेट म्हणाली.

"आणि तुमची ती बहीण? हिरव्या रेनकोटातली? उजव्या बाजूने घर मागे घ्यायला दाखवत होती ती. तुझी टोपी उडाली तरी तिने काही हात खाली केला नाही. मी माझ्या नवऱ्याला म्हटलंसुद्धा, याला म्हणतात लक्ष."

लिनेट म्हणाली, तुला तळावरचं दुसरंच कोणी दिसलं असेल. बेरिलने मान हलवली, पण चौथा पाव ती परत घेऊन गेली नाही. ट्रेव्हर पाठमोरा पडवीच्या दोऱ्या ताणत होता, आधीच ताणलेल्या.

लिनेट भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. चष्म्याच्या दुकानात तिने निम्मी हयात काढली होती. माणूस डोळ्यांनी कमी आणि सवयीने जास्त बघतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तक्त्यावरची खालची ओळ न दिसताही पाठ म्हणून दाखवणारी गिऱ्हाइकं तिने ढिगाने पाहिली होती. म्हातारीच्या नजरेची गफलत, एवढंच तिने मनाशी म्हटलं. तरी एक गोष्ट तिला टोचत राहिली. उजवी बाजू. तिथे ती कधीच उभी राहत नसे, कारण पहिल्याच वेळी ट्रेव्हरने तिला खांद्याला धरून डाव्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं होतं. इथून तू मला छान दिसतेस, म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर तळाची देखरेख करणारा वॉर्डन आला आणि त्याने दिलगिरी सांगितली. हिवाळ्यात गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरने ती खुंटी हलवली होती. दोन घरांत आगीच्या भीतीने ठेवायचं अंतर कमी पडतंय, तेव्हा घर पुढे काढून जरा उजवीकडे, कुंपणाच्या अंगाला लावून घ्या, अहो, काय करणार, नियम आहे. नवी खुंटी त्याने ठोकून दिली. झालं, पडवी उतरवा, पाय वर घ्या, गाडी जोडा. ट्रेव्हरने घर पुढे काढून रस्त्यावर सरळ उभं केलं आणि वॉर्डनच्या कागदावर सही करायला तो त्याच्या खोलीकडे गेला.

गाडी तशीच उभी होती, दार उघडं. घर जोडलेलं असताना लिनेट चालकाच्या जागी कधी बसली नव्हती. ट्रेव्हर बसू देत नसे; तुझं काम मागे, माझं पुढे, असं म्हणायचा, आणि तिला ते गोडच वाटायचं. आज ती बसली. बेरिल खुर्चीत लोकर विणत होती, तिला तिने हाक मारली आणि नेहमीच्या ठिकाणी, डाव्या कोपऱ्यात, लाल दिव्याच्या रेषेत उभी राहायला सांगितलं.

डाव्या आरशात घराची लांबलचक पांढरी बाजू होती, त्यापुढे खडी, कुंपण, आभाळ. बेरिल नव्हती.

"उभी आहेस ना गं?"

"आहे की. हात हलवतेय. दिसत नाही का?"

लिनेटने आरसा बाहेर वळवला, आत वळवला. सीट पुढे घेतली, मागे घेतली, मान वाकडी करून पाहिलं. काही केल्या नाही. कशी दिसणार? सगळं घर आड येत होतं. इतकी वर्षं ती हात हलवत होती ते घराच्या मागच्या भिंतीला. आणि चष्म्याच्या दुकानात काम केलेल्या बाईला एकदाही हे तपासून बघावंसं वाटलं नाही. का वाटेल? घर तिचं ऐकत होतं ना.

मग तिने उजव्या आरशात पाहिलं.

घराच्या मागच्या उजव्या कोपऱ्याआडून एक हात बाहेर आला होता. कोपरापर्यंत दिसणारा, बाही हिरवी, ओली असल्यासारखी गडद. पाऊस आठवडाभर नव्हता. हात हलत नव्हता. तळवा खाली, बोटं सैल, गाडी सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखा.

"बेरिल," लिनेट म्हणाली, "तुझ्या पलीकडे कोण आहे?"

थोड्या वेळाने बेरिल डाव्या बाजूने लगबगीने पुढे आली. खिडकीजवळ थांबलीही नाही. माझी किटली गॅसवर आहे, म्हणाली, आणि आपल्या घरात जाऊन तिने दार लावून घेतलं. लोकर आणि सुया बाहेर खुर्चीतच राहिल्या. लिनेटने पुन्हा आरशात बघितलं तेव्हा तिथे नुसती पिवळी फुलं होती.

ट्रेव्हर परत आला आणि तिला त्या सीटवर पाहून जागीच उभा राहिला. तिने त्याला काही विचारायची गरजच पडली नाही. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"कोण आहे ती?"

हळूहळू त्याने सांगितलं. पहिल्या वेळी, वेल्समधल्या रिलच्या तळावर, त्याला काही जमत नव्हतं आणि लिनेट कुठे दिसत नव्हती. उजव्या आरशात एक हात दिसला. त्याला वाटलं, लिनेटनेच कोणा बाईला मदतीला बोलावलं असेल. आभार मानायला उतरला तर कोणी नाही. पुढच्या वेळी पुन्हा तोच हात. तोंड कधी दिसलं नाही. आरशात येतो तो हातच.

"आणि मला तू त्या कोपऱ्यात उभं केलंस."

"तू तिच्या आड येऊ नयेस म्हणून."

"मी दाखवत होते की रे. इतकी वर्षं."

"तुझं चुकायचं गं," तो अगदी हळुवारपणे म्हणाला. "एकदा दुसऱ्या कोणाचं घर मागे घ्यायला तू दाखवत होतीस, ते मी लपून बघितलं होतं. तू डावं-उजवं उलटं दाखवतेस, आणि घर वळलं की हात बदलतेस. आपण कितीदा खड्ड्यात गेलो असतो. तिचं कधी चुकलं नाही."

"मग मी काय करत होते तिथे?"

"तुला आवडायचं ना," ट्रेव्हर म्हणाला.

त्याने मारलं असतं तरी चाललं असतं. लिनेटला वाटलं, याने केसाने गळा कापला. लोकांनी खुर्च्यांवरून केलेलं कौतुक, तो अंगठा, ते 'झोकात झालं', सगळं त्या हिरव्या बाहीचं, आणि ही मधे उभी, हात हलवत, खुळ्यासारखी. ती रडली नाही. सीटवरून उतरली आणि म्हणाली, आज मी उजवीकडे उभी राहणार. तिच्या जागेवर. तू मला बघायचंस. मी मूठ वर केली की थांबायचंस, मग घर खड्ड्यात जावो नाहीतर कुंपणात. एवढं तरी करशील?

"फक्त तुझ्याकडे बघीन," ट्रेव्हर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "शपथ."

लिनेट उजव्या बाजूला, नव्या खुंटीपलीकडे, मागच्या कुंपणाला पाठ करून उभी राहिली. तिने मुद्दाम मागे वळून पाहिलं. मागे काटेच काटे, मांजर शिरायला जागा नाही. समोर गाडीचा उजवा आरसा आणि त्यात ट्रेव्हरचे डोळे. पहिल्यांदाच तिला ते दिसत होते. केवढे दमलेले होते.

तिने हात हलवला. ये. घर निघालं. जरा डावीकडे, असं तिने नीट विचार करून दाखवलं आणि घर डावीकडे वळलं. तिच्या छातीतलं ओझं जरा उतरलं. ये, ये. आता सरळ.

घर सरळ झालं.

तेवढ्यात तिच्या पाठीला लागणारा वारा बंद झाला. समोर गवत आडवं पडत होतं. फक्त तिच्या पाठीला वारा लागत नव्हता.

कोपरा खुंटीला आला. तिने मूठ वर केली.

घर येत राहिलं.

तिने मूठ आणखी उंच केली. ट्रेव्हरचे डोळे आरशातच होते, शांत, लक्ष देऊन बघणारे. फक्त ते तिच्यावर नव्हते. तिच्या खांद्याच्या जरा वर होते.

ती एक पाऊल मागे सरकली. आणखी एक. पाठ कुंपणाला टेकली. काटे टोचायला हवे होते.

टोचले नाहीत. पाठीला ओलं कापड लागलं.

पांढऱ्या भिंतीची कड तिच्या कोटाच्या बटणांना येऊन टेकली आणि थांबली. ट्रेव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. जेवताना मीठ मागावं तसा तो बोलला.

"लिनेट, जरा बाजूला हो गं. ती दिसत नाहीये मला."