तिघांचं मत

चंद्रावरच्या त्या भूमिगत वस्तीत श्वाससुद्धा मतदानाने मिळायचा. हवेत प्राणवायू किती सोडायचा हे तीन सर्व्हर आपापलं गणित करून सांगत, आणि दोघांचं जुळलं की तिसऱ्याला कुणी विचारत नसे. अवकाशातून येणारा विश्वकिरणांचा एखादा कण यंत्राच्या स्मृतीतला अंक उलटवतो. पण तीच चूक तो एकाच वेळी दोन यंत्रांत करणार नाही, असा त्यामागचा हिशेब. याला तिथे 'त्रिमत' म्हणत.

त्रिमताची प्रणाली मुक्त होती. तिची ओळ न् ओळ कुणीही वाचावी, सुधारावी. अट एकच: बदल दुसऱ्या कुणीतरी वाचून पटलावर तळवा टेकवल्याशिवाय लागू होत नसे. 'दुसरे डोळे' हा नियम वस्तीला प्राणांहून प्यारा होता.

यंत्रं निवडायची भांडारप्रमुख शर्वरी गुर्जरने. जुनी तीन यंत्रं तीन कारखान्यांची. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसेल तर शपथ. त्यातली दोन मोडली तेव्हा तिने एकाच घाण्यातली तीन एकसारखी यंत्रं आणली. उरलेल्या जुन्याचं मत काढून घेतलं आणि त्याला कोपऱ्यात नुसतं चालू ठेवलं.

आज तेच म्हातारं प्राणवायू घटतोय म्हणत होतं. तिन्ही नवी म्हणत होती, ठीक आहे. पाळणाघरात शर्वरीला आपल्या इराचे ओठ निळसर दिसले. मुलीला कुठे नेणार? हवा सगळीकडे तीच होती. ती धावत प्रणाली लिहिणाऱ्या जयश्रीताई धारपांकडे गेली.

"ताई, जुन्याचा आकडा बघा."

"तीन विरुद्ध एक," ताई हसल्या. "हरला बिचारा."

"तिन्ही एका साच्यातली आहेत. मुळात चिपच चुकत असेल, तर?"

"तर तिघं मिळून चुकतील. एकमताने." ताईंना याचंही हसू आलं. "किरण वेगवेगळ्या चुका करतात गं, साचा एकच करतो."

"कारभार जुन्याकडे द्यायचा बदल मी लिहिलाय. तळवा टेकवा."

"वाचते की. घाई काय आहे?"

शर्वरीला त्या हसण्याचा अर्थ आता कळला. ताईंनीच सगळ्यांना शिकवलं होतं: इथली हवा शुद्ध करणारी यंत्रं उच्छ्वासातला वायू शोषून घेतात, म्हणून प्राणवायू कमी पडला तरी गुदमरल्यासारखं वाटत नाही. आधी मजेत वाटतं, मग विचार करणंच सुटतं. ताई पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत गुणगुणत होत्या. बाहेरच्या बोगद्यातूनही हसण्याचे आवाज येत होते. दुसरे डोळे आणायचे कुठून?

नियम गेला खड्ड्यात. तिने ताईंचं मनगट धरलं. हात ओढून पटलावर टेकवायचा, एवढंच.

ताईंचा हात उबदार होता. त्यांनी तिची बोटं प्रेमाने दाबली. मनातली भीती कधी विरली, ते शर्वरीला कळलंच नाही. इरा निजली असेल, निजू दे. न वाचता होकार घेणं बरं दिसत नाही. वाचू देत ताईंना सावकाश.

ती त्यांच्याशेजारी बसली. मघाशी आपण एवढं कशाला घाबरलो होतो, ते तिला आठवेना.