खिशातली थरथर

डॉ. निनाद खोब्रेकरांच्या गोड बोलण्यावर वाद्यवृंदाच्या निर्देशक उल्का देवस्थळींचा काडीचाही विश्वास नव्हता. तालीमगृहाच्या चौथऱ्यावर उभ्या राहून, दंडावर खोब्रेकरांनी बनवलेली स्पंदपट्टी बांधून घेत त्या ऐकत होत्या.

“हात हलायच्या आधी स्नायूत विजेचा क्षीण संदेश उठतो,” खोब्रेकर सांगत होते. “ही पट्टी तो टिपते आणि वादकांच्या मनगटावरच्या पट्ट्या थरथरवते. ती नुसती हमाल आहे, बाई. साठवत काही नाही.”

वाद्यवृंदाची रीत अशी, की निर्देशकाचा हात आधी पडतो आणि सूर किंचित मागून येतो. हल्ली मात्र सूर हाताच्याही आधी येऊ लागला होता. संदेश वेगवान आहे म्हणून, असं खोब्रेकर म्हणत. बाईंना वाटे, हमाल रस्ता शिकलाय. तसं असेल तर उद्या बाईंची गरजच उरणार नव्हती. आणि आज तालमीला आलेल्या विश्वस्तांपुढे त्यांनीच ग्वाही द्यायची होती, की वृंद चालतो तो त्यांच्याच हातावर. मग पट्ट्या कायमच्या.

चहाच्या सुट्टीनंतर त्यांनी सापळा लावला. चौथ्या भागाच्या तोंडावर झांजांसकट सगळा वृंद एकदम उसळतो. तिथे आज त्यांनी हात उचललाच नाही. पट्टी शिकली असेल तर सवयीने खूण देईल आणि वृंद वाजेल.

कुणीही वाजवलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत थांबले.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. तालीम तिथेच थांबवून त्यांनी दंडावरची पट्टी सोडली, खोब्रेकरांची माफी मागितली आणि विश्वस्तांना खणखणीत ग्वाही दिली. विश्वस्त समाधानाने निघून गेले. खोब्रेकर मात्र हसले नाहीत, पट्ट्यांचे संदेश दाखवणारा आपला संगणकाचा पडदा घाईघाईने मिटून तेही बाहेर पडले.

तेवढ्यात झांजा वाजवणारा म्हातारा इनास मिनेझिस जवळ आला.

“मॅडम, रागावू नका. चहाच्या वेळी आम्ही सगळ्यांनी पट्ट्या काढून खिशात टाकल्या. तुमचा हात समोर दिसत असताना मनगटाचं कोण ऐकणार?”

“मग मी हात उचलला नाही तेव्हा...”

“खिशात थरथरली ना.”

त्याने पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. बाईंचे हात स्थिर होते, दंड मोकळा होता. पट्टी चौथ्या भागाचा ठेका देत होती.