चार नाकं, एक जंतू

बसचालक गेल्याचं कळल्यावर त्याची बायको रडली नाही. तिने पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरची कॉलर धरली.

"हर्नियाचं ऑपरेशन होतं. चालत आला होता तो माणूस! काय केलंत त्याचं?"

सिस्टरने तिचा हात सोडवला नाही. लॅबच्या दारातली धाकटी सून मध्ये पडली, तर बाई तिच्यावरच उलटली. "तुम्ही सगळे एका घरचे. तुम्ही काय खरं सांगणार?"

बोलणं झोंबलं, कारण हॉस्पिटल घरचंच होतं. थोरले दीर सर्जन, थोरली जाऊ त्यांच्या मदतीला ऑपरेशनला उभी राहणारी सर्जन, आणि धाकटी लॅब सांभाळणारी जंतुतज्ज्ञ. तिच्या नवऱ्याने डॉक्टरकीकडे पाठ फिरवलेली, त्यामुळे घरात तिचं वजन बेताचंच.

बसचालकाच्या ऑपरेशनआधीच आणखी दोघांच्या जखमा चिघळल्या होत्या. तिघांच्याही पुवात एकच जंतू होता, स्टॅफ. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना तो दाद देत नव्हता. दुसऱ्याच एका इंजेक्शनने ते दोघे तगले. बसचालकाला ते मिळेपर्यंत विष रक्तात भिनलं होतं.

थोरल्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. थोरली शेजारीच बसली होती. पंखा बंद, खोलीत घाम फुटत होता, तरी डोक्याला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला.

"सिस्टरला घरी पाठवतोय," थोरले म्हणाले. "उपकरणं नीट निर्जंतुक केली नाहीत, असा रिपोर्ट दे. विषय मिटला."

"उपकरणांवर काही सापडलं नाही, भाऊजी. पाण्यातही नाही. हा जंतू माणसाच्या अंगावर राहतो. थिएटरमधल्या कुणाच्या तरी."

"आमच्यावर संशय घेतेस?"

"तुम्ही, वहिनी, भूलतज्ज्ञ, सिस्टर. चौघांच्या नाकातला नमुना हवाय."

थोरले ताडकन उठले. "या हॉस्पिटलात मी वीस वर्षं पोटं कापतोय. तू काचेच्या खोलीत बसून मला शिकवू नकोस!" पण मग तिच्या हातातली कापसाची कांडी त्यांनीच ओढून घेतली, तिच्यासमोर नाकात फिरवली आणि टेबलावर आपटली. "घे. कर काय करायचं ते."

भूलतज्ज्ञाने हसतहसत दिला. सिस्टरने मान खाली घालून दिला. थोरली मात्र भडकली. "तुझ्यासमोर नाक वर करून उभी राहू? शोभतं का?" तिने कांडी घेतली, हात धुवायच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्यावर बंद नळी धाकटीच्या हातात कोंबली.

दुपारी धाकटीने सिस्टरला लॅबमध्ये बसवलं.

"या तिघांची ऑपरेशनं वेगळी कशी होती?"

"वेगळी कुठे? रोजच्यासारखीच."

"त्याच आठवड्यात अपघाताचे पेशंट आले होते. घाणीने माखलेले. त्यांच्या जखमा?"

"कोरड्या ठणठणीत." सिस्टर थबकली. "घाईच्या केसेसमध्ये साहेब शेवटपर्यंत स्वतःच करतात, टाकेसुद्धा. एरवी ते पुढच्या पेशंटकडे जातात." मग तिचा चेहरा कडवट झाला. "विचारून काय उपयोग, मॅडम? पकडायचं कुणाला हे ठरलंय ना?"

धाकटीने ऑपरेशनची नोंदवही पुढे ओढली.

दोन दिवसांनी, नमुन्यांतले जंतू वाढवायच्या प्लेटा तयार झाल्यावर तिने चौघांना लॅबमध्येच बोलावलं. थोरलीने आल्या आल्या विचारलं, "स्टॅफ कुणाकडे निघाला?"

"सिस्टरकडे."

"बघा!" थोरली नवऱ्याकडे वळली. "मी पहिल्यापासून सांगत होते."

तेवढ्यात धाकटीने दोन प्लेटा दिव्याखाली सरकवल्या. दोन्हींवर जंतूंची साय पसरलेली, आणि सायीवर औषधांच्या बारीक गोल टिकल्या.

"औषध लागू पडलं की टिकलीभोवती मोकळं वर्तुळ उमटतं. ही टिकली मलमातल्या औषधाची. नाकात नाहीतर कातडीवर लावतात ते मलम. सिस्टरचा जंतू त्याने मरतो, हे वर्तुळ बघा. बसचालकाचा जंतू टिकलीला चिकटून वाढलाय. बाकीच्या दोघांचाही. हा जंतूच वेगळा. सिस्टरचा यात संबंध नाही."

"मग कुणाचा?" थोरले गुरकावले.

"हे मलम आपल्या औषधालयात येतच नाही. म्हणजे जंतू ते पचवायला इथे शिकला नाही. कुणीतरी महिनोन् महिने हे मलम चोळतंय, आणि त्याच्या अंगावर हा जंतू निर्ढावलाय."

भूलतज्ज्ञाचं हसू मावळलं. "पण आमच्या तिघांकडे तर स्टॅफ नाही म्हणतेस."

"तुमच्या आणि भाऊजींच्या प्लेटवर नाकातले साधे जंतू आहेत. असायलाच हवेत." तिने चौथी प्लेट उचलली. ती आरशासारखी स्वच्छ होती. "हिच्यावर काहीच उगवलं नाही. जिवंत माणसाचं नाक इतकं कोरं नसतं. ही कांडी नाकात गेलीच नाही, किंवा आधी स्पिरिटमध्ये बुडवली. तीन नमुने माझ्यासमोर घेतले गेले. हा एकच बंद दाराआड."

तिने प्लेट थोरलीसमोर ठेवली.

"तिन्ही पेशंटचे टाके वहिनींनी घातले. भाऊजींनी घातले तिथे एकही जखम चिघळली नाही. वहिनी, स्कार्फ काढा."

"तुझी हिंमत!"

"नाहीतर माझ्यासमोर दुसरा नमुना द्या. कानामागचा."

थोरली नवऱ्याकडे बघत राहिली. त्यांनी नजर वळवली नाही, मदतही केली नाही. शेवटी तिने स्वतःच स्कार्फ उलगडला. दोन्ही कानांमागे कातडी लाल, ओली, सोललेली. खपल्या केसांत अडकलेल्या. टाके घालताना ती जखमेवर वाकली, की थिएटरच्या टोपीखालून खपल्या तिथेच गळत असणार.

"बोलली का नाहीस?" थोरल्यांनी विचारलं.

"तुम्हाला? दोन मुलं मोठी होईपर्यंत मला घरी बसवलंत. भांडून भांडून थिएटरमध्ये आले. हे दाखवलं असतं तर परत दार लावलं असतंत."

"दुसरी जखम चिघळली तेव्हापासूनच तुम्ही सिस्टरचं नाव घेताय, म्हणजे तुम्हाला कळलं होतं," धाकटी म्हणाली. "आणि तरीही बसचालकाला टाके घालायला उभ्या राहिलात."

सिस्टर पुढे आली. ती हात उगारेल असं सगळ्यांना वाटलं. ती फक्त थोरलीच्या अगदी तोंडासमोर उभी राहिली. "माझी कॉलर धरली होती त्या बाईने. तुम्ही जिन्यावरून बघत होतात."

थोरले दाराकडे वळले. "त्या बाईला मी सांगतो. पोलिसांनाही मीच बोलावतो."

"थांबा." थोरलीने डोकं तसंच उघडं ठेवलं. "टाके माझे होते. मी सांगते."

धाकटी सोबत निघाली, तशी ती कडाडली, "तू मागे यायचं नाही!" आणि एकटीच पॅसेजमध्ये गेली. त्या टोकाला बाकावर बसचालकाची बायको, त्याचे कपडे न्यायला आलेली, ते मांडीवर घेऊन बसली होती. थोरली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. बाईने मान वर केली.