गल्लीतलं शेवटचं दार

आमच्या कॉलेजच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण एसटीतून उतरणारी मुलं अजून नगरच म्हणतात. तिथे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक विषय शिकवते. वेळापत्रकात त्याचं नाव 'संवादी माध्यम प्रकल्प : रचना व निर्मिती' असं आहे. मुलं 'इंटरॅक्टिव्ह' म्हणून मोकळी होतात. बघणाऱ्याने नुसतं बघायचं नाही, पडद्याला बोट लावायचं, आणि बोट लावलं की काहीतरी घडलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

निकिता सांगळे जामखेडकडची. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, यंदा श्रीगोंद्याच्या बाजूला. प्रकल्पासाठी तिने स्वतःची गल्लीच घेतली. निघायच्या गडबडीत असलेल्या माणसांचे आवाज आधी घेऊन ठेवले, आणि माणसं गेल्यावर बंद घरांचे फोटो काढले. पडद्यावर ती गल्ली दिसते. एखाद्या दारावर बोट ठेवलं की त्या घरातलं कुणीतरी दोन वाक्यं बोलतं, मागे भांडी वाजतात, शेळी ओरडते.

शेवटच्या दाराला तेवढा कुणाचा आवाज नव्हता. ते लोक निकिता गावी पोचायच्या आधीच गेले होते. म्हणून तिथे तिने नुसता वारा ठेवला, आणि कडीवर कुलूप आपटल्याचा आवाज. मला ते फार आवडलं होतं. मी तिला तसं सांगितलंही.

बाहेरचे परीक्षक येण्याआधी आम्ही चाचणी घेतो. ज्याला प्रकल्पाबद्दल काही माहीत नाही अशा माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन द्यायचा आणि आपण मागे गप्प राहायचं. समोर कॅमेरा चालू असतो. माणूस कुठे अडतो, कुठे कंटाळतो, ते त्यात नंतर नीट बघता येतं.

पहिल्या आल्या कॅन्टीनच्या मालनबाई. ओला हात पदराला पुसून त्यांनी पडद्याला बोट लावलं. शेळीच्या आवाजाला हसल्या. शेवटच्या दाराशी मात्र थांबल्या. आवाज केव्हाच संपला असणार, तरी त्या ऐकत होत्या. मग मान हलवून हळूच म्हणाल्या, "न्हाई ओ बाई. समदी तोडीला गेल्यात."

हेडफोन काढल्यावर निकिताने विचारलं, "मावशी, कुणाशी बोललात?"

"मी? मी कुटं बोलले?" त्या म्हणाल्या आणि चहा उतू जाईल म्हणून निघून गेल्या.

मी निकिताला म्हटलं, माणसं टीव्हीशीही बोलतात. त्यात काही नाही.

दुसऱ्या दिवशी कॉमर्सचा करण आला. कोपरगावचा पोरगा, सगळ्यात घाई. दारं त्याने भराभर उघडली. शेवटच्या दारावर बोट ठेवलं आणि त्याची घाई गेली. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "कारखाना बंद झाल्याशिवाय नाही येत कुणी."

आपण बोललो हे त्यालाही मान्य नव्हतं. आधी हसला. मग निकिताच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "खरंच बोललो का मी?"

तिसरे आमचे ग्रंथपाल काकासाहेब. हे गृहस्थ मोजकं बोलणारे. त्यांनी त्या दाराशी चष्मा काढून हातात धरला, आणि बाईमाणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "मग तोवर तुम्ही एकट्याच?"

मी त्या दाराच्या आवाजाची फाइल तपासली. वारा, कुलूप, शांतता. हेडफोन बदलला, लॅपटॉप बदलला. फाइल तीच, तेवढीच.

निकिताने तिन्ही चाचण्यांमधले ते तुकडे कापून एकामागे एक लावले आणि मला ऐकवले.

"न्हाई ओ बाई. समदी तोडीला गेल्यात."

"कारखाना बंद झाल्याशिवाय नाही येत कुणी."

"मग तोवर तुम्ही एकट्याच?"

तिघांनी एकमेकांचं ऐकलेलं नव्हतं. पण बोलणं एकच चाललं होतं. मधली वाक्यं तेवढी आम्हाला ऐकू येत नव्हती.

निकिताने गल्लीतल्या राहीबाईंना फोन लावला. म्हातारपणामुळे त्या तोडीला जात नाहीत, मागेच राहतात. फोन स्पीकरवर होता.

"आज्जी, त्या शेवटच्या घरात कुणी मागं राहिलंय का?"

"न्हाई. मागं कोन राहील?" त्या जरा थांबल्या. "कुलूप भायेरून हाय न्हवं."

"नक्की ना?"

"तुला कुनी काय इचारलं का, निकिता?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

"ते दार काढून टाक," मी म्हटलं.

"दार काढलं तर गल्ली खोटी होईल, मॅडम." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आणि मधेच बोलणं सोडून कसं जायचं?"

तिचा मला राग आला. तिचा की स्वतःचा, ते आजही नक्की सांगता येत नाही. मी शिकवणारी, आणि एका आवाजाच्या फाइलीला घाबरून दार काढायला सांगत होते. मी कॅमेरा चालू केला, बाकावर बसले आणि हेडफोन घातला. टेबलावर दुपारचं ऊन होतं.

थेट शेवटच्या दारावर बोट ठेवलं.

वारा. कुलूप. मग काहीच नाही.

मी लगेच हेडफोन काढला.

"बघ," मी म्हटलं, "काही नाहीये."

निकिता भिंतीला टेकून उभी होती. टेबलावरचं ऊन सरकून पार भिंतीवर चढलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही कुठे राहता ते का सांगितलंत?"

"कुणाला?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर मी बसले होते. ऐकत होते. मधूनमधून हुंकार देत होते. आईशी फोनवर बोलताना देते तसाच.

मग मी माझा पत्ता सांगितला. सावकाश, समोरच्याला नीट कळावा असा.

"या की," मी म्हणत होते. "एक खोली रिकामीच असते."

एवढं बोलून मी बाकावर थोडी सरकले, आणि शेजारची जागा हाताने पुसली.