जुना कॉम्प्युटर आणि बरेच शनिवार

"हा डबा कुणाचा आहे?"

गाडीची काच खाली करून मी ओरडलेच. अमेरिकेतल्या हर्नडनच्या कम्युनिटी सेंटरचं पार्किंग, भुरभुर पाऊस आणि माझ्या गाडीच्या बरोब्बर मागे एक भलामोठा जुना मॉनिटर... त्यावर कुणीतरी स्वतःचं जॅकेट पांघरलेलं!

"माझा!" एक भिजलेला मुलगा धावत आला. "सॉरी... दार उघडायला खाली ठेवला. लागलं नाही ना?"

"मला?"

"नाही... त्याला."

असा संताप आला! तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाचे विष्णूकाका छत्री सांभाळत आले. "नीलांबरी, हाच तो अक्षत. तुझं काम हाच करणार."

काम म्हणजे मंडळाच्या दिवाळी अंकाचं. काकांचे पंचवीस वर्षांपूर्वीचे लेख त्यात पुन्हा छापायचे होते. दिवाळीनंतर काका मुलाकडे क्युपर्टिनोला कायमचे जाणार, त्याआधी अंक त्यांच्या हातात देईन, असा शब्द मी दिला होता. पण ते लेख जुन्या मराठी फॉन्टमध्ये. माझ्या लॅपटॉपवर उघडले की नुसती चिन्हं आणि ठिपके. ते नीट दिसायचे फक्त अक्षतच्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर.

मग दर शनिवारी त्याचं बेसमेंट.

"ऐक ना," कॉम्प्युटर सुरू होताना तो डोळे मिटून म्हणायचा, "हा आवाज! शाळेतून आलो की आधी हाच..."

"मला आवाज नकोय, फाइल हवीय." माझी नोकरीच सर्व्हर बंद पडू न देण्याची. "सोमवारी सकाळी दगा देणाऱ्या वस्तूंवर मी प्रेम करत नाही."

"आणि शनिवारी?"

मी मुकाट फाइलवर क्लिक केलं. कान मात्र तापले.

एक लेख उघडायचा, की सिस्टिम ठप्प. "हँग झाली यार... आता पुढच्या शनिवारी?" मग तो आल्याचा चहा करायचा, माझ्या कपात न विसरता बिनसाखरेचा. घरी ड्राइव्ह करताना मी गालात हसायचे, आणि हसले म्हणून स्वतःवरच चिडायचे.

छापायची तारीख जवळ आली. माझी झोप उडाली. शेवटी माफी मागायला काकांना फोन केला.

"अगं, लेख कधीच झाले! अक्षतनं पहिल्याच आठवड्यात सगळे कन्व्हर्ट करून पाठवले. मी प्रूफंसुद्धा तपासली. बोलला नाही तुला?"

मी तशीच गाडी काढली.

"खोटारडा!" दारातच म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "फाइल्स मिळाल्यावर तू... परत कशाला आली असतीस?"

"विचारायचं होतंस!"

"घाबरलो. तू मला आवडतेस, नीलांबरी... खूप."

"आवडणाऱ्या माणसाला असं टांगून ठेवतात? मला भरवशाचं माणूस हवंय, अक्षत!"

त्यानं पुढे केलेला लेखांचा पेन ड्राइव्ह हिसकावला आणि निघाले. गाडीत बसून रडले, निव्वळ रागानं.

अंक वेळेवर निघाला. प्रकाशनाच्या कार्यक्रमात काका त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. अक्षत शेवटच्या रांगेत बसला होता, पुढे आलाच नाही.

"फार चुकलं पोराचं," काका हळूच म्हणाले. "पण रोज ऑफिस सुटलं की येऊन माझं सामान तोच बांधतोय. एक दिवस चुकला नाही. मी सांगितलंही नव्हतं."

यावर चिडायचं कसं, तेच कळेना. त्याचाही राग आला.

शनिवारी त्याच्या दारात उभी राहिले आणि माझा नवाकोरा लॅपटॉप पुढे केला. "बिघडलाय."

त्यानं बटण दाबलं. स्क्रीन क्षणात उजळला. तो गोंधळला. "हा तर... ठणठणीत आहे."

"आहेच. मी बिघडलेय. अजून चिडलेय. दुरुस्तीला वेळ लागेल."

"किती?"

"बरेच शनिवार... आणि पुन्हा एकदा जरी खोटं बोललास—"

"तर मॉनिटर तुझ्या गाडीमागे ठेवीन. मीच. तू खुशाल गाडी मागे घे."

त्यानं तो अवजड मॉनिटर टेबलावरून उचलला, जपून खाली ठेवला आणि तिथे माझ्या लॅपटॉपसाठी जागा केली. आतून आल्याचा वास येत होता.

राग होताच. पण मी बसले.